काँट्रास्टमधील धातूचे नॅनोकण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : स्कॅनच्या इंजेक्शनात नॅनोकण असतातच.
वस्तुस्थिती : आदिलाबादची राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्था (रिम्स) असो की पैनगंगेपलीकडचे यवतमाळ, काँट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक करणारे औषध, लागलेच तर नेहमीच्या सीटी स्कॅनसाठी शिरेतून आयोडीनयुक्त औषध दिले जाते आणि एमआरआयसाठी गॅडोलिनियम. गॅडोलिनियम धातू आहे. पण त्याचा एकेक आयन सेंद्रिय रेणूत घट्ट अडकवलेला असतो. नॅनोकणात शेकडो-हजारो अणू एकत्र असतात.

गैरसमज : सोन्याच्या कणांनी अवयव रंगतात, म्हणून ते दिसतात.
वस्तुस्थिती : रंगाचा येथे संबंध नाही, क्ष-किरण अडवण्याची क्षमता महत्त्वाची. ही क्षमता साधारणपणे अणुक्रमांकासोबत वाढते : आयोडीनचा अणुक्रमांक ५३, सोन्याचा ७९. जेम्स हेनफेल्ड यांच्या गटाने २००६ साली १.९ नॅनोमीटरचे सुवर्णकण उंदरांना टोचले, तेव्हा रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडे ठळक दिसली.

गैरसमज : सुवर्णभस्म चालते, तर हे कणही निर्धोकच.
वस्तुस्थिती : तोंडाने घेतलेल्या भस्माचा अनुभव शिरेत टोचलेल्या कणांना लागू होत नाही. आवरणासकट साधारण ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान असलेले कण लघवीवाटे बाहेर पडू शकतात. मोठे कण यकृत आणि प्लीहेत दीर्घकाळ साठून राहतात. सुवर्णकणांचा काँट्रास्ट अजून नेहमीच्या रुग्णसेवेत आलेला नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

गैरसमज : एमआरआयचे चुंबक शरीरातले लोहकण ओढून घेते.
वस्तुस्थिती : आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण अतिसूक्ष्म असतात, चुंबकीय क्षेत्रात ते जागेवरून ओढले जात नाहीत, फक्त आसपासचा संकेत क्षीण करतात. यकृताच्या तपासणीसाठी अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळालेले ‘फेरिडेक्स’ याच जातीचे होते. यकृतातील कुप्फर पेशी हे कण गिळतात, त्यामुळे निरोगी भाग काळा दिसतो; कर्करोगाच्या गाठीत या पेशी सहसा नसतात, म्हणून ती उजळ उठून दिसते. पुढे हे औषध बाजारातून काढून घेण्यात आले.

गैरसमज : रक्तवाढीच्या लोहाच्या इंजेक्शनाचा स्कॅनशी काही संबंध नाही.
वस्तुस्थिती : २००९ साली अमेरिकेत मूत्रपिंडविकारातील रक्तक्षयासाठी मान्य झालेले फेरुमॉक्सिटॉल हे लोहाच्या नॅनोकणांचेच औषध आहे. त्याचा परिणाम एमआरआयच्या चित्रावर तीन महिन्यांपर्यंत राहू शकतो. शरीरात साचलेल्या लोहाचाही असाच परिणाम होतो. आदिलाबादच्या गोंड-कोलाम वस्त्यांत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो आणि त्यात काहींना वारंवार रक्त चढवावे लागते. अशा रुग्णाच्या यकृतात लोह साचते आणि एमआरआयमध्ये यकृत काळपट दिसते. त्यामुळे पूर्वी घेतलेली लोहाची इंजेक्शने, चढवलेले रक्त, मूत्रपिंडाचा विकार आणि औषधांची ॲलर्जी यांची माहिती तपासणीआधीच रेडिओलॉजिस्टला देणे आवश्यक आहे.