फिरत्या घराचा मुक्काम आणि चार श्वान

प्रवासाचा विचार आपल्याकडे मुक्कामावाचून कधी झालाच नाही. इंदूरकरांना तर हे सांगण्याची गरजच नाही. अहिल्यादेवींनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्या वाटसरूला दिवस मावळताना पाठ टेकण्यास जागा आणि घोटभर पाणी मिळावे म्हणूनच. परंतु वाटसरूने आपले घरच चाकांवर घातले असेल आणि त्या घरात माणसे दोन व कुत्री चार असतील, तर मुक्कामाचा प्रश्न निराळेच रूप धारण करतो. आपल्या मंडळातील अनेकांची मुले, भाचे, पुतणे अमेरिकेत स्थिरावले आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या दारात आर.व्ही. उभी असते आणि घरात कुत्री असतात. आपण तिकडे गेलो की या बिऱ्हाडात आपलीही भर पडते. म्हणून हा विषय वाटतो तितका परका नाही.

माझी भाची व तिचे यजमान ॲरिझोनात, फिनिक्सजवळ राहतात. त्यांच्याकडे दोन लॅब्रॅडॉर, श्वानाश्रमातून आणलेली एक मिश्र जातीची कुत्री आणि एक वृद्ध पग असा परिवार आहे. त्यांच्यासमवेत एका जूनमध्ये अकरा दिवस फिरण्याचा योग आला. पहिल्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भाची फोन घेऊन बसली, तेव्हा मी म्हटले, "अगं, अजून दिवस पडलाय, जागा संध्याकाळी बघू की!" ती म्हणाली, "मावशी, चौघांना घेऊन संध्याकाळी जागा शोधायची नसते. दुपारच्या आत ठरली नाही तर आज पुढे निघायचंच नाही." या एका नियमामागे किती विचार आहे हे पुढील दिवसांत उमगत गेले.

आर.व्ही. म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची, शौचाची सोय असलेले फिरते घर. बसएवढ्या मोटारघरापासून गाडीमागे ओढण्याच्या डब्यापर्यंत त्याचे नाना प्रकार असतात. वीज, पाणी आणि मैलापाण्याचा निचरा या तीनही जोडण्या ज्या तळावर मिळतात तेथे 'फुल हुकअप' आहे असे म्हणतात. एखादी रात्र मात्र गाडीतील बॅटरी आणि टाकीतील पाणी यांवर सहज निघते. त्यामुळे एकट्यादुकट्या प्रवाशाला मुक्कामाची ददात नसते. वॉलमार्टची कित्येक दुकाने आपल्या वाहनतळावर रात्रभर थांबू देतात. क्रॅकर बॅरल या उपाहारगृहांच्या मागे लांब गाड्यांसाठी आखलेल्या जागा असतात. पायलट, फ्लाइंग जे, लव्ह्ज यांचे ट्रकथांबे तर अहोरात्र उघडे. लव्ह्जच्या अनेक थांब्यांवर कुत्र्यांसाठी कुंपण घातलेले छोटे आवारही असते. मात्र प्रत्येक ठिकाणी व्यवस्थापकाला विचारावे लागते, कारण काही नगरपालिकांनी असा मुक्काम मुळातच निषिद्ध केला आहे. महामार्गावरील विश्रांतिस्थळांचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये चोवीस तास, कॅलिफोर्नियात आठ तास, तर फ्लोरिडात अवघे तीन तास थांबता येते.

कुत्र्यांची संख्या वाढू लागली की ही यादी झपाट्याने आखडते. वाहनतळावर गाडीबाहेर खुर्च्या मांडू नयेत, कुत्री बांधून ठेवू नयेत, असा संकेत आहे. डांबर दिवसभराचे ऊन धरून ठेवते आणि रात्री नऊलाही पंजे भाजतील इतके तापलेले असते. हाताची पालथी बाजू काही क्षण टेकवून पाहावी, आपल्याला सोसवली तरच कुत्र्याला उतरवावे. ट्रकथांब्यावर शीतपेट्यांच्या ट्रकांची इंजिने रात्रभर घुमतात. एक कुत्रा भुंकला की चारही भुंकतात आणि झोपलेल्या ट्रकचालकाचा रोष ओढवतो. तो बिचारा दुसऱ्या दिवशी सहाशे मैल हाकणार असतो. त्याचे काय चुकते?

सशुल्क कॅम्पग्राउंडवर वीज-पाणी मिळते. १९६२ साली मोंटाना राज्यातील बिलिंग्ज येथे सुरू झालेल्या केओए या साखळीच्या अनेक तळांवर श्वानांसाठी स्वतंत्र आवारही असते. परंतु बहुसंख्य खासगी तळांवर 'दोनच पाळीव प्राणी' असा नियम आढळतो, आणि विम्याच्या अटींमुळे काही ठिकाणी पिट बुल, रॉटवायलर अशा जातींना प्रवेश नसतो. एका तळावर, आरक्षण असतानाही, कार्यालयातील बाईंनी खिडकीतून डोकावून कुत्री मोजली आणि नम्रपणे नकार दिला. संकेतस्थळावर संख्येचा उल्लेख नव्हता. दुपारचे चार वाजले होते, बाहेर ४१ अंश. पुढचा तळ सत्तर मैलांवर होता. त्या दिवसापासून भाची आरक्षणापूर्वी दूरध्वनी करून कुत्र्यांची संख्या, जाती व वजने सांगते आणि होकार देणाऱ्याचे नाव वहीत टिपते.

राष्ट्रीय उद्यानांविषयी आपल्या मंडळींचा हमखास गैरसमज होतो. उद्यानात कुत्रे नेता येते हे खरे, पण बहुतेक पायवाटांवर नेता येत नाही. दोरी सहा फुटांहून लांब चालत नाही आणि त्याला एकटे बांधून जाता येत नाही. यलोस्टोनमध्ये रस्ता, वाहनतळ वा तळापासून शंभर फुटांपलीकडे कुत्र्याला बंदी, लाकडी पुलवाटांवर तर मुळीच नाही. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून त्याला फिरवता येते, मात्र काठाखाली दरीत उतरवता येत नाही. तेथील मॅदर कॅम्पग्राउंडवर कुत्री चालतात, पण तीस फुटांहून लांब गाडी मावत नाही. दरी तर पाहायची आहे, कुत्री तर नेता येत नाहीत. मग माणसे काय करतात? कुत्री गाडीत ठेवून जातात. आणि येथेच मुक्कामाचा प्रश्न सोयीचा न राहता जीविताचा होतो.

बालरोगतज्ज्ञांना या संदर्भात एक जुना अभ्यास आठवेल. 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात २००५ साली बंद मोटारींतील तापमानवाढीची मोजमापे प्रसिद्ध झाली. बाहेर जेमतेम २२ अंश सेल्सिअस असतानाही आतील तापमान तासाभरात ४७ अंशांपर्यंत पोहोचू शकते. त्या वाढीचा ८० टक्के भाग पहिल्या अर्ध्या तासातच होतो आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा लाभ होत नाही. बालकाचे शरीर प्रौढाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापते, म्हणून गाडीत विसरलेल्या अर्भकाची कहाणी इतक्या लवकर संपते. कुत्र्याची अवस्था याहून बरी नसते. त्याच्या घामग्रंथी पंजांपुरत्या, उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणे. भोवतालची हवाच तप्त व दमट झाली की तो मार्ग बंद होतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींमध्ये तो मुळातच अरुंद असतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश असते, ते ४१ अंशांपलीकडे गेले की उष्माघाताच्या आपत्तीला आरंभ झाला असे समजावे. आणि अर्भकाप्रमाणेच हा रुग्णही बोलून सांगू शकत नाही.

आर.व्ही.च्या भिंती उष्णतारोधक असतात, आतली हवाही मोटारीपेक्षा पुष्कळ, म्हणून ती सावकाश तापते. पण वातानुकूलन बंद पडले तर वाळवंटातील दुपारी तीही तापणारच. ३० अँपिअरच्या जोडणीतून जेमतेम ३,६०० वॅट मिळतात. त्यावर छतावरचे एक यंत्र चालते, सोबत मायक्रोवेव्ह लावला तर खटका पडतो. ५० अँपिअरच्या जोडणीत १२,००० वॅटपर्यंत वाव असतो. गंमत म्हणजे, अनेक गाड्यांत दाब धोकादायक घसरला की वीज तोडणारे संरक्षक उपकरण असते. भर दुपारी तळावरील सगळे वातानुकूलक एकदम चालू झाले की दाब घसरतो आणि यंत्र वाचवण्यासाठी हे उपकरण वीज तोडते. यंत्र वाचते, आत कुत्री असतात.

आमच्या प्रवासात एका तळावर हेच घडले. दुपारी किराणा आणायला आम्ही गावात गेलो होतो. गाडीतील तापमापक भ्रमणध्वनीच्या जाळ्यावरून निरोप पाठवतो. आत २९ अंश झाल्याची सूचना आली, आणि पाच मिनिटांत ३१. भाचीने आल्याबरोबर शेजारच्या जागेवरील वृद्ध दांपत्याशी ओळख करून त्यांना किल्ली दिलेली होती. तिने फोन करताच त्यांनी चौघांना आपल्या गाडीत नेऊन बसवले, पगला ओल्या टॉवेलवर निजवले. आम्ही वीस मिनिटांत पोहोचलो तेव्हा तो शांतपणे पाणी पीत होता. ज्या तळावर मोबाइलची सांकेतिक पट्टी एकच आहे तेथे ती कुत्र्यांना एकटे ठेवून कधीच जात नाही, तळ कितीही सुंदर असो. तापमापक निरोप पाठवणार कसा?

उन्हाळ्यात विजेपेक्षा भरवशाचा आधार उंचीचा. फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० फुटांवर, तर उत्तरेचे फ्लॅगस्टाफ ७००० फुटांवर आहे. अंतर तीनएक तासांचे, पण जुलैच्या दुपारी दोहोंत बारा-तेरा अंशांचा फरक असतो. फ्लॅगस्टाफभोवतीच्या कोकोनिनो राष्ट्रीय अरण्यात ठरवून दिलेल्या वाटांलगत विनामूल्य थांबता येते. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाकडे तर सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे आणि तीपैकी बऱ्याच भागांत एका जागी साधारणतः चौदा दिवस राहण्याची मुभा असते. तेथे कुत्री मोजणारे कोणी नसते, शेजारी नसतो. अर्थात किल्ली देण्याजोगाही कोणी नसतो, आणि रात्री कोयोटी फिरतात. हिवाळ्यात सखल वाळवंट, उन्हाळ्यात पाइनचे उंच रान, हा क्रम आपल्या धनगरांच्या स्थलांतराहून फार वेगळा नाही. २००९ पासून चालत आलेली 'हार्वेस्ट होस्ट्स' ही सभासदत्वाची योजनाही आहे. तीत द्राक्षमद्याचे मळे, शेते येथे एक रात्र राहता येते, मोबदल्यात तेथील माल विकत घ्यावा अशी अपेक्षा असते. परंतु शेतावर कोंबड्या-शेळ्या असतील तर चार कुत्री घेऊन जाण्यापूर्वी विचारलेले बरे.

जमिनीविषयी दोन शब्द. आपल्या माळरानावरचा सराटा तिकडेही पोहोचला आहे, त्याला 'गोटहेड' म्हणतात. मुक्कामाला उतरताच भाचीचे यजमान बॅटरी घेऊन आधी स्वतः फेरी मारतात ते त्यासाठी आणि रॅटलस्नेकसाठी. दक्षिण ॲरिझोनाच्या मातीत कॉक्सिडिऑइडिस बुरशीचे बीजाणू असतात. माती उकरणाऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसांत ते जातात आणि 'व्हॅली फीव्हर' होतो, माणसांनाही होतो. आपल्या दृष्टीने अधिक रोचक गोष्ट गोचिडीची आहे. रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हरचे वाहक अन्य गोचीड मानले जात असताना, पूर्व ॲरिझोनातील रुग्णांमध्ये तो सर्वसाधारण तपकिरी श्वान-गोचिडीतून पसरल्याचे २००५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि रुग्णांत मुलांचे प्रमाण मोठे होते. ही रिपिसेफॅलस सँग्विनियस आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या कानांतही असते आणि आपल्याकडे इंडियन टिक टायफसशी तिचा संबंध आहे. कुत्र्यांसोबत फिरून आलेल्या मुलाला ताप व पुरळ असेल तर इकडे काय, तिकडे काय, डॉक्सिसायक्लिन लवकर सुरू करावे. मूल आठ वर्षांखालील आहे म्हणून थांबू नये.

उरला कागदपत्रांचा भाग. जॉन स्टाइनबेक १९६० साली चार्ली नावाचा एकच पूडल घेऊन ट्रकवरच्या खोलीतून देश फिरला. नायगाराशी कॅनडात जाऊ पाहताना चार्लीचा रेबीज लशीचा दाखला नव्हता. त्यावाचून परतीच्या वेळी कुत्र्याला अमेरिकेत घेणार नाहीत असे कळल्यावर त्याने बेत सोडला. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' या १९६२ च्या पुस्तकात ही हकिकत आहे. अमेरिकेतून श्वानप्रकारचा रेबीज विषाणू हद्दपार झाल्याचे २००७ साली जाहीर झाले. तरी वटवाघळे, रॅकून, स्कंक, कोल्हे यांच्यातील रेबीज कायम आहे, म्हणून तळांवर दाखला मागतात. १ ऑगस्ट २०२४ पासून तर कॅनडाहून परतणाऱ्या कुत्र्यासही वय किमान सहा महिने, मायक्रोचिप आणि सीडीसीच्या अर्जाची पावती लागते. मागील सहा महिन्यांत भारतात राहिलेल्या कुत्र्यासाठी, आपला देश अधिक जोखमीच्या यादीत असल्याने, याहून पुष्कळ अधिक पुरावे द्यावे लागतात. इकडचा कुत्रा तिकडे नेण्याचा मुलांचा विचार असेल तर त्यांनी तिकिटे काढण्याच्या कित्येक महिने आधी पशुवैद्यांकडे जावे. भाचीकडे चौघांची चार स्वतंत्र पाकिटे आहेत. लशीचा दाखला, चिपचा क्रमांक, अलीकडचे छायाचित्र, नेहमीची औषधे आणि प्रत्येक मुक्कामाजवळच्या आपत्कालीन पशुवैद्याचा दूरध्वनी त्यांत असतो. ती दाराच्या आतल्या खिळ्याला टांगलेली असतात, किल्लीच्या दुसऱ्या जोडाशेजारी.