‘लेखक मेला’ हे कोणी लिहून घेतले?

एखाद्या लेखकाने लेखणी खाली ठेवली की आपल्याकडे लगेच निरोपाचे लेख येतात. खूप लिहिले, थकला, आता विश्रांती घेऊ द्या! पण आम्ही पडलो वकील. कोणी काही ‘स्वखुशीने’ सोडून दिल्याचे कानावर आले की आम्ही आधी विचारतो, सही कुठे झाली आणि त्या वेळी खोलीत कोण कोण बसले होते?

तमिळ लेखक पेरुमाल मुरुगन यांचे प्रकरण आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. १९९१ साली पहिली कादंबरी लिहिणाऱ्या या प्राध्यापकाने जानेवारी २०१५ मध्ये फेसबुकवर जाहीर केले की, लेखक पेरुमाल मुरुगन मेला. आपली पुस्तके विकू नका, नुकसान मी भरून देतो, असेही प्रकाशकांना कळवले.

कारण ठरली ‘मादोरुबागन’ ही कादंबरी. तिरुचेंगोडच्या अर्धनारीश्वराची जत्रा, मूल होत नाही म्हणून टोमणे खाणारे एक शेतकरी जोडपे आणि जत्रेतल्या एका रात्रीची जुनी प्रथा, हा तिचा विषय. ती २०१० साली निघाली. चार वर्षे कोणाच्याही भावना दुखावल्या नाहीत! इंग्रजी अनुवाद आला आणि डिसेंबर २०१४ मध्ये प्रती जाळल्या गेल्या. जातसंघटना आणि हिंदुत्ववादी संघटना एकाच रांगेत उभ्या राहिल्या. याच लेखकाने २०१३ ची ‘पूक्कुळी’ ही आंतरजातीय विवाहावरील कादंबरी धर्मपुरीचा दलित तरुण इलावरसन याला अर्पण केली होती. तेव्हा राग केवळ जत्रेतल्या त्या रात्रीचाच होता काय, हे वाचकांनीच ठरवावे.

मग प्रशासन मध्ये पडले. १२ जानेवारी २०१५ रोजी जिल्हा महसूल अधिकाऱ्यासमोर ‘शांतता बैठक’ झाली. तिथे लेखकाने बिनशर्त माफी मागितली. वादग्रस्त भाग गाळण्याचे आणि न विकलेल्या प्रती परत घेण्याचे लिहून दिले. पुस्तके जाळणाऱ्यांकडून काय लिहून घेतले? काहीच नाही.

अशी बैठक आपल्या माणसांना नवी नाही. गावात बहिष्कार पडतो, मारहाण होते, अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद दाखल होते आणि आठवड्याभरात शांततेची बैठक बसते. पोलीस पाटील, सरपंच, गावातली चार वजनदार माणसे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला फिर्यादी आणि त्याची म्हातारी आई. ‘गावात राहायचे आहे ना?’ एवढेच विचारले जाते. नंतर कोर्टात फिर्यादी फितूर होतो आणि लोक म्हणतात, केसच खोटी होती!

मुरुगन यांच्या बाजूने तमिळनाडूतील प्रगतिशील लेखक-कलावंतांची संघटना उच्च न्यायालयात गेली. सरकारपक्षाने सुव्यवस्थेचे कारण पुढे केले. ५ जुलै २०१६ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती पुष्पा सत्यनारायण यांच्या खंडपीठाने निकाल दिला : त्या बैठकीतील समझोता बंधनकारक नाही. लेखकावर फौजदारी कारवाईची मागणी फेटाळली. पुस्तक आवडत नसेल तर वाचू नका, असे सुनावले आणि लेखकाला पुन्हा लिहिते होण्यास सांगितले. कलम १९(१)(क) वरचे निर्बंध १९(२) मध्ये मोजून दिले आहेत. जमावाची नाराजी त्या यादीत नाही. आमच्या तरुण वकिलांनी हा निकाल मुळातून वाचावा. दबावाखाली झालेल्या ‘समझोत्या’विरुद्ध युक्तिवाद करताना तो हाताशी असलेला बरा.

मुरुगन परतले. २०२३ साली ‘पूक्कुळी’चा इंग्रजी अनुवाद आंतरराष्ट्रीय बुकरच्या लांब यादीत आला. परंतु परतल्यावर दिल्लीतील पहिल्याच जाहीर कार्यक्रमात त्यांनी सांगितले की, आता आपल्या आत एक सेन्सॉर बसला आहे. त्यानंतर आलेल्या ‘पूनाच्ची’ या कादंबरीची नायिका एक शेळी आहे. माणसांविषयी लिहायची भीती वाटते, असे त्यांनी तिच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले.