रक्तवाढीची गोळी आणि पहिले अठ्ठावीस दिवस

लोह आणि फॉलिक आम्ल यांची संयुक्त गोळी महाराष्ट्रात सर्वत्र ‘रक्तवाढीची गोळी’ या नावाने ओळखली जाते. हे नाव खोटे नव्हे. परंतु फॉलिक आम्लाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. या जीवनसत्त्वाचे दुसरे कार्य ज्या काळात घडते तो काळच या नावामुळे नजरेआड होतो.

नावामागील इतिहास अंशतः मुंबईचाच आहे. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज संशोधक महिला मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांत आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील द्रव्य कोणते, हे तेव्हा अज्ञातच होते. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांपासून एक द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि ‘फोलियम’ म्हणजे पान या लॅटिन शब्दावरून त्यास ‘फॉलिक’ हे नाव मिळाले. (मराठीत ‘पर्णाम्ल’ म्हणता आले असते, पण औषधांच्या दुकानात तो शब्द कोणी मागितला नसता.) पुढे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. या साऱ्या प्रवासात प्रश्न रक्ताचाच होता.

दुसरा प्रश्न गर्भाच्या घडणीचा. पेशींचे विभाजन होताना जनुकद्रव्याची नवी प्रत तयार व्हावी लागते, आणि त्यासाठी फोलेट आवश्यक असते. गर्भपिंडात मेंदू व मज्जारज्जू यांचा आरंभ एका चपट्या पट्टीपासून होतो; तिच्या कडा वर उचलल्या जाऊन परस्परांस मिळतात व मज्जानलिका तयार होते. ती खालच्या भागात उघडी राहिल्यास पाठीचा कणा दुभंगलेला राहतो. वरच्या टोकास उघडी राहिल्यास मेंदू व कवटी यांची पूर्ण वाढच होत नाही, आणि असे मूल जगू शकत नाही.

ही नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. येथे कालगणनेचा घोटाळा ध्यानात घेतला पाहिजे. वैद्यकात गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. त्यामुळे हा २८ वा दिवस हिशेबात ‘सहावा आठवडा’ ठरतो. पाळी चुकल्याचे लक्षात येते तेव्हा २८ पैकी निम्मे दिवस संपलेले असतात. तपासणी होऊन गोळी हाती येईपर्यंत उरलेलेही बहुधा संपतात. यास्तव गोळी गर्भधारणेपूर्वी किमान एक महिना सुरू करावी, असे सांगितले जाते.

याविषयी निर्णायक पुरावा १९९१ साली मिळाला. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांत १,८१७ स्त्रियांवर प्रयोग केला. या साऱ्या स्त्रियांच्या आधीच्या एका गर्भात असा दोष आढळलेला होता. रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्लाने दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. पुढच्याच वर्षी हंगेरीतील प्रयोगाने, असा पूर्वेतिहास नसलेल्या स्त्रियांसही लाभ होतो, हे दाखविले: ०.८ मिलिग्रॅम फॉलिक आम्लयुक्त जीवनसत्त्वे घेणाऱ्या गटात असा दोष एकाही गर्भात आढळला नाही, तर दुसऱ्या गटात सहांत आढळला. मात्र सर्वच दोष फोलेटच्या अभावाने होत नाहीत. अपस्मारावरील व्हॅलप्रोएटसारखी काही औषधेही हा धोका वाढवितात.

पालेभाज्या व डाळी यांत फोलेट असते. परंतु ते पाण्यात विरघळते व उष्णतेने नष्ट होते. भाजी उकळून पाणी ओतून देण्याच्या सवयीने त्याचा बराच भाग वाया जातो. म्हणून आहार चांगला असला तरी रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुचविली जाते. पूर्वी असा दोष आढळलेल्या स्त्रीस अधिक मात्रा लागते, व ती वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावयाची असते.

भारत सरकारच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या २०१८ च्या कार्यक्रमात दोन्ही गोळ्यांचा निर्देश आहे: गर्भधारणेपूर्वीपासून पहिल्या तिमाहीअखेर ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, आणि दुसऱ्या तिमाहीपासून ६० मिलिग्रॅम लोहासह ५०० मायक्रोग्रॅम. ‘रक्तवाढीची’ म्हणून ओळखली जाते ती दुसरी. ती हाती पडते तेव्हा मज्जानलिका मिटण्याची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. पहिल्या गोळीस मात्र लोकभाषेत अद्याप असे रुळलेले नाव नाही.