जिवंत झडपेच्या वाटेवरची पन्नास वर्षं

1974 साली बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच साली चाळिशीतले हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत रुजू झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण बीड जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीला हृदयाच्या टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे पेशींपासून जिवंत ऊती घडवण्याच्या शास्त्रात, संशोधन करायचं असेल, तर तिने मागे वळून पाहायला सुरुवात इथूनच करावी.

संधिवाताच्या तापाने लहान वयातच हृदयाच्या झडपा निकामी झालेले रुग्ण वलियाथनांसमोर येत होते आणि परदेशी झडप त्यांना परवडत नव्हती. त्यांनी इंजिनिअर आणि धातुतज्ज्ञ हाताशी धरले. पहिले तीन नमुने फसले. एकात तर कृत्रिम नीलमाची चकती तडकली. धातूच्या चौकटीत खास प्लास्टिकची चकती बसवलेला चौथा नमुना टिकला आणि 6 डिसेंबर 1990 रोजी तो पहिल्या रुग्णाला बसवला गेला. तेव्हापासून ही झडप लाखाहून अधिक रुग्णांना मिळाली आहे. रुजू झाल्यापासून पहिल्या रुग्णापर्यंत सोळा वर्षं गेली. वर्षाला किती शोधनिबंध छापले, एवढ्यावरच मोजमाप झालं असतं, तर त्या गटातले तरुण इंजिनिअर मध्येच बाहेर पडले असते, असं मला ठामपणे वाटतं.

यांत्रिक झडप जीव वाचवते, पण तिच्यासोबत रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासून डोस जुळवावा लागतो. दिवाळीच्या सुमाराला बीडमधून ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून साखर कारखान्याच्या फडात कोपी टाकणाऱ्या बाईने ही तपासणी कुठे करायची? डोस कमी पडला तर झडपेत गुठळी होते, जास्त झाला तर रक्तस्राव. शिवाय लहान मुलाचं शरीर वाढतं, झडप वाढत नाही. शरीराबरोबर वाढणारी जिवंत झडप हवी, ही गरज बीडइतकी उघडपणे फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

या वाटेवर बोस्टनमध्ये बरंच काम झालं. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ वकांटी यांच्या 1993 च्या लेखाने टिश्यू इंजिनिअरिंगला दिशा दिली. लँगरच्या प्रयोगशाळेत लॉरा निकलसन ही तरुण भूलतज्ज्ञ विरघळणाऱ्या धाग्यांच्या नळीवर रक्तवाहिनीतल्या पेशी वाढवत होती. नळी नुसती द्रवात ठेवून भागत नव्हतं. तिने ती मिनिटाला 165 ठोक्यांनी, म्हणजे साधारण गर्भातल्या बाळाच्या हृदयाच्या गतीने, आतून ताणत ठेवली. आठ आठवड्यांत तिथे धमनी तयार झाली. हे काम 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच कामातून पुढे विकसित झालेल्या मानवी रक्तवाहिनीला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती डिसेंबर 2024 मध्ये.

घाईची किंमतही याच काळात दिसली. 2001 च्या सुमाराला व्हिएन्नामध्ये पेशी काढून टाकलेली डुकराची झडप चार मुलांना बसवली गेली. त्यातली तीन मुलं दगावली. उलट तोशिहारू शिनोका आणि ख्रिस्तोफर ब्रुअर यांनी तयार केलेल्या रक्तवाहिन्या मुलांमध्ये अरुंद होऊ लागल्या, तेव्हा त्यांनी चाचणी थांबवली आणि अरुंदपणाचं कारण शोधायला बसले. गणिती प्रतिमान आणि मेंढ्यांवरचे प्रयोग जोडून 2020 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की हा अरुंदपणा कालांतराने आपोआप ओसरू शकतो. हा निष्कर्ष काढायला गणिती, शल्यविशारद आणि पशुवैद्य एकत्र लागले. या क्षेत्रात एकट्याने करिअर होत नाही, हे तरुणांनी सुरुवातीलाच लक्षात घ्यावं. मार्गदर्शक निवडताना प्रयोगशाळेच्या नावापेक्षा तिथे शल्यविशारद रोज येतो का, हे आधी विचारावं.

आपल्याकडे पहिली पायरी फार खर्चिक नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती 1979 पासून आहे. झडप बदललेले ऊसतोड कामगार हंगामात रक्ततपासणी किती वेळा चुकवतात, एवढा एकच प्रश्न घेऊन दोन महिने काम करता येईल. अंबाजोगाईच्या प्राध्यापकांनी यंदा असा एक तरी प्रस्ताव पाठवावा.