जळालेल्या मोटरीचा वास

जळालेली मोटर टेम्पोतून उतरायच्या आधीच तिचा वास दुकानात येतो. वार्निश करपल्याचा, गोडसर, घशात बसणारा. तासगाव भागात बावीस वर्षं मी रिवायंडिंगचं काम करतोय, पण त्या वासाची सवय झालेली नाही. कारण त्यामागे कुणाची तरी बाग दोन दिवस पाण्यावाचून राहणार असते.

शेतकरी पहिलं हेच विचारतो, "जळली कशी?" कव्हर काढलं की वायंडिंगच सांगतं. सगळ्या कॉइल एकसारख्या काळ्या असतील तर व्होल्टेज उतरलं होतं किंवा लोड जास्त होता. काही कॉइलचा कोळसा आणि लगतच्या कॉइल लखलखीत असतील, तर एक फेज गेला आणि मोटर उरलेल्या दोन फेजवर गुरगुरत राहिली.

मोटर वीज खाते आणि फिरणं देते, एवढंच तिचं काम. पण आतल्या रोटरला बाहेरून एकही तार जोडलेली नसते, हे सांगितलं की माणसं चकित होतात. भोवतीच्या स्टेटरमध्ये तीन फेजमुळे चुंबकत्व गोल फिरतं, आपल्या नेहमीच्या पंपाच्या मोटरीत मिनिटाला 3000 फेरे. त्या फिरत्या चुंबकत्वामुळे रोटरच्या दांड्यांत आपोआप वीज उपजते. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं ते हेच. मग रोटर त्या चुंबकत्वामागे धावतो, पण त्याला कधीच गाठत नाही. पाटीवर 2880 च्या आसपास आकडा असतो तो त्यामुळे. गाठलं तर वीज उपजायची थांबेल आणि जोरही संपेल.

हजार लिटर पाणी 30 मीटर वर चढवायला हिशोबाने 0.08 युनिट पुरतं. म्हणजे एका युनिटमध्ये बारा हजार लिटर यायला हवं. येतं सहा हजारांच्या आसपास, तेही मोटर-पंप चांगला असेल तर. बाकीची वीज कुठे जाते? बरीचशी पंपात पाण्याच्या खळबळीत, थोडी बेअरिंगच्या घासण्यात, आणि बाकीची मोटरीच्या तांब्यात व लोखंडात उष्णता होऊन. मोटरीवर हात ठेवा, ती वाया गेलेली वीज हाताला लागते.

हीच उष्णता मोटर मारते. रात्री लाइट येते तेव्हा एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, कारण प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. व्होल्टेज खाली बसतं. पाणी मात्र तेवढंच उचलायचं असतं, म्हणून मोटर जादा अँपिअर ओढते. अँपिअर तीस टक्के वाढले तर तांब्यातली उष्णता तीस टक्के नाही, जवळजवळ सत्तर टक्के वाढते. ओव्हरलोड रिले अशा वेळी मोटर बंद करतो. पण सारखा ट्रिप होतो म्हणून तोच कुणीतरी डायरेक्ट केलेला असतो. अंधारात विंचूकाट्यातून पुन्हा मोटरीपर्यंत जायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? मी त्यांना दोष देत नाही. ऑटो ठेवा, पण रिले जागेवर राहू द्या, आणि शेजाऱ्याच्या मोटरीनंतर पाच मिनिटांनी तुमची सुरू होईल असा टायमर लावा, एवढं प्रत्येकाला सांगतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. हे यंत्र उलटंही चालतं. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात 125 मेगावॉटचे दोन संच आहेत. मागणी कमी असते तेव्हा ते मोटर होऊन पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरज पडली की तेच पाणी खाली सोडून वीज बनवतात. पोरं हातातल्या जळक्या स्टेटरकडे मग वेगळ्या नजरेने बघतात.

आज सकाळी एक पाच एचपीची मोटर वार्निश सुकून तयार झाली. रिकामी चालवून तिन्ही तारांवर क्लॅम्प मीटर लावला. तिन्ही तारांवर तीन अँपिअरच्या आसपास, सारखे आकडे. मालकाला फोन केला. तो निघालाच होता.