नळी आणि काडतूस

पोलिसांच्या खांद्यावरची ‘थ्री नॉट थ्री’ रायफल आपण सर्वांनीच पाहिली आहे. पुष्कळांना वाटते, नळी झिजली तर दुसरी बसवावी आणि मिळेल ते काडतूस घालावे. पण नळी व काडतूस ही जोडी असते. ‘थ्री नॉट थ्री’चे कवच काठाचे, ५६ मिलिमीटर लांब, सैन्याने पुढे घेतलेले ७.६२चे बिनकाठाचे, ५१ मिलिमीटर. एकाचे दुसऱ्यात चालत नाही. म्हणून १९६२च्या युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्याने ७.६२साठी जुन्याच बांधणीची, पण अधिक मजबूत पोलादाची रायफल घडविली.

योग्य नळी मिळाली तरी काम संपत नाही. ती आट्यांवर घट्ट बसवून बोल्ट आणि काडतुसाचे बूड यांतील फट गेजने मोजावी लागते. फट वाढली तर कवच फाटून गोळी झाडणाऱ्यालाच इजा होते.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या रेल्वे स्थानकावर आपले शिपाई हीच रायफल घेऊन एके-४७ पुढे उभे होते. हत्यार जुने, हा शिपायाचा दोष नव्हे. खडकीच्या, आपल्या जिल्ह्यातील वरणगावच्या कामगाराने काडतूस चोख करावे. नळी वेळेवर तपासणे आणि बदलणे हे मात्र सरकारचे कर्तव्य. शिपाईही कामगारच आहे.