खुर्द्याचा इतिहास आणि वचनाची किंमत

बँकेच्या खिडकीशी धनादेश दिला की कारकून आकडा कोरलेला एक पितळी बिल्ला हातावर ठेवी आणि आपला आकडा पुकारला जाईपर्यंत गिऱ्हाईक तो मुठीत धरून बाकावर बसून राही. हे दृश्य आता जवळजवळ लोपले आहे. त्या बिल्ल्याला बाजारात काडीची किंमत नव्हती. तरी तो हरवला तर भल्याभल्यांचा जीव खालीवर होई. कारण धातूचे मोल नगण्य असले तरी त्यामागे देण्याचे एक वचन उभे असे.

नाणी जमवणाऱ्याला समाजात थोडीफार प्रतिष्ठा आहे. सातवाहनांचे नाणे किंवा एखादी शिवराई दाखवणाऱ्याभोवती माणसे गोळा होतात. व्यापाऱ्यांनी, कारखानदारांनी किंवा जुगाराच्या अड्ड्यांनी पाडलेले बिल्ले जमवणाऱ्याकडे मात्र लोक भंगार गोळा करणाऱ्याकडे पाहावे तसे पाहतात. वस्तुतः राजाचे नाणे राजाला काय सांगायचे होते ते सांगते. बाजाराला काय हवे होते आणि काय मिळत नव्हते, हे ऐकायचे असेल तर बिल्ल्यांकडेच जावे लागते. याचा सर्वांत बोलका पुरावा इंग्लंडच्या इतिहासात सापडतो.

टाकसाळीची उपेक्षा

सोन्या-चांदीची नाणी पाडणे हे इंग्लंडच्या राजसत्तेला भूषण वाटे. तांब्याची मोड पुरवणे हे कमीपणाचे काम. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग; शेतमजुराला एवढी कमाई करायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागे. त्याच्या संसाराला गिनीचा उपयोग नव्हता, त्याला पेनी आणि अर्धा पेनी हवा होता. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यानंतरच्या काळात तर छोट्या नाण्यांची वानवाच झाली. तेव्हा खानावळवाले, वाणी, मेणबत्त्या विकणारे यांनी आपापल्या नावाचे आणि धंद्याच्या चिन्हाचे फार्दिंग पाडले. त्यांचे हजारो प्रकार आज सूचिबद्ध झाले आहेत. दोन गल्ल्या ओलांडल्या की हा पैसा चालत नसे, अशा अर्थाची नोंद जॉन एव्हलिन याने १६९७ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. अखेर १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तांब्याची सरकारी नाणी काढली आणि खाजगी बिल्ल्यांना मनाई केली.

पण धडा कायमचा घेतला गेला नाही. १७७५ नंतर शाही टाकसाळीने वीसेक वर्षे तांब्याचे नाणे जवळजवळ पाडलेच नाही. आणि नेमक्या याच काळात कारखाने उभे राहत होते, शेकडो मजुरांना दर आठवड्याला रोकड द्यावी लागत होती. पोकळी खोट्या नाण्यांनी भरून काढली. १७८७ च्या सुमारास टाकसाळीनेच पाहणी केली, तेव्हा बाजारातल्या तांब्याच्या नाण्यांपैकी जेमतेम ८ टक्के नाणी खऱ्या नाण्याशी बऱ्यापैकी साम्य राखून होती असे आढळले. हिणकस नाणे चांगल्याला हुसकून लावते हा ग्रेशॅमचा नियम विद्यार्थी पाठ करतात. तो नियम मजुराच्या खिशात कसा उतरतो, हे त्या आकड्यावरून कळते.

अशा वेळी १७८७ मध्ये अँगलसी बेटावरील पॅरिस माइन कंपनीने आपल्या खाणीच्या तांब्याचा पेनी काढला. एका बाजूस झगा पांघरलेल्या ड्रुइड पुरोहिताचे मस्तक, दुसरीवर कंपनीची आद्याक्षरे आणि धारकाला एक पेनी देण्याचे वचन. लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी येथे मागणी करताच पैसे मिळतील, असे कडेवर कोरलेले. वजन भरपूर, छाप सुबक. त्यामुळे नक्कल करणे सरकारी नाण्यापेक्षा अवघड. पाठोपाठ लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सन याने राजाच्या जागी आपलेच मस्तक छापून नाणे काढले. पुढच्या दहा वर्षांत गावोगावचे व्यापारी याच वाटेने गेले.

मुद्दा असा की या बिल्ल्यांना कायद्याचा आधार नव्हता. घ्यायचा की नाही, हे घेणाऱ्याच्या मर्जीवर. तरी लोकांनी ते घेतले. कारण देणाऱ्याचे दुकान डोळ्यांसमोर होते आणि वचन मोडले तर बाजारात त्याची पत जाणार होती.

वेड आणि व्यवहार

लवकरच हौशी संग्राहक पुढे आले आणि त्यांच्याबरोबर त्यांना फसवणारेही. एका बिल्ल्याची पुढची बाजू आणि दुसऱ्याची मागची बाजू जोडून मुद्दाम 'दुर्मीळ' जाती तयार होऊ लागल्या. ज्यांनी कधी बाजार पाहिलाच नाही असे बिल्ले केवळ कपाटांसाठी पाडले गेले. १७९८ मध्ये इप्सविच येथील जेम्स काँडर याने त्यांची सूची छापली. त्याच्या नावाने हे बिल्ले आजही ओळखले जातात. याच सुमारास लंडनमध्ये टॉमस स्पेन्स नावाचा जहाल विचारांचा पुस्तकविक्रेता जमिनीवर सर्वांची मालकी असावी हा आपला संदेश बिल्ल्यांवर छापत होता. १७९४ मध्ये त्याला काही महिने खटल्याविना तुरुंगात राहावे लागले. बिल्ला हे पैशाचे साधन तसेच प्रचाराचेही!

१७९७ मध्ये सरकार जागे झाले आणि बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथील मॅथ्यू बोल्टन याच्याकडून वाफेच्या यंत्रावर एक औंसाचा पेनी पाडून घेतला गेला. बोल्टनचे नाव पश्चिम भारताला परके नाही. त्याआधी १७९१ आणि १७९४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी त्याच्याच टाकसाळीतून आली होती. त्यांच्यावर तराजू कोरलेला असून खाली न्याय या अर्थाचा 'अदल' हा शब्द आहे. इंग्लंडच्या मजुराला खरा पैसा मिळण्याआधी मुंबईच्या बाजाराला यंत्रावरचा पैसा मिळाला होता.

खेळाचे बिल्ले ही याच घराण्याची दुसरी शाखा. पत्त्यांच्या डावात हिशेबासाठी कँटनहून शिंपल्याच्या कोरीव सोंगट्या इंग्लंडला जात; पुढे गिनीची नक्कल केलेले पितळी तुकडे आले. अमेरिकेत १९६५ च्या सुमारास चांदीचे डॉलर दिसेनासे झाले, तेव्हा नेवाडातील जुगारगृहांनी आपल्या यंत्रांसाठी स्वतःचे डॉलर पाडून घेतले. खाण असो वा जुगारगृह, कारण एकच: सरकारी खुर्दा आटला.

वचन कोणाला?

बाजाराने टाकसाळीला धडा शिकवला, सरकारने मध्ये पडायलाच नको होते, असा निष्कर्ष काही अर्थशास्त्रज्ञ काढतात. जॉर्ज सेल्जिन यांचा २००८ मधील ग्रंथ याच बाजूने झुकतो. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. १८११-१२ मध्ये बिल्ल्यांची दुसरी लाट आली, त्यांत हलक्या वजनाचा माल पुष्कळ होता. १८१७ च्या कायद्याने खाजगी बिल्ले बंद झाले, तेव्हा ज्यांचा काढणारा नाहीसा झाला होता ते बिल्ले ज्याच्या हाती राहिले तो बुडाला. आणि हाती राहिले ते बहुधा गरिबाच्याच. त्याहून वाईट प्रकार मालकाने मजुरी बिल्ल्यांत देण्याचा. तो बिल्ला मालकाच्याच दुकानात चाले, आणि त्या दुकानातले भाव मालकच ठरवी. १८३१ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये मजुरी नाण्यांतच द्यावी असे ठरले, ते याच अनुभवातून.

अँगलसीचा पेनी आणि मालकाच्या दुकानाचा बिल्ला, दोन्ही दिसायला एकसारखे. फरक एवढाच की पहिला नाकारता येत होता, दुसरा नाकारता येत नव्हता. नकाराची सोय असेल तर खाजगी पैसा ही सेवा ठरते. नसेल तर तीच बेडी.

भारतालाही हा प्रश्न चुकलेला नाही. १८८९ मध्येच येथे धातूच्या खाजगी बिल्ल्यांविरुद्ध कायदा झाला. तो रद्द करणाऱ्या २०११ च्या नाणे कायद्यानेही ती मनाई कायम ठेवली आहे. दुसऱ्या महायुद्धात मोड इतकी दुर्मीळ झाली की मोरवी, बिकानेर यांसारख्या संस्थानांनी पुठ्ठ्याची कुपने काढली आणि सरकारने १९४३ पासून भोकाचा पैसा पाडला. छोटी नाणी वितळवण्याविरुद्ध १९७१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. २०११ मध्ये पावली व्यवहारातून गेली, आणि उरलेल्या सुट्या पैशांऐवजी गोळी हातावर ठेवणारा दुकानदार कोणाच्या आठवणीत नाही? ती गोळीही बिल्लाच. फक्त परत घेण्याचे वचन नसलेला! आज मोबाइलवरून एक रुपयाही धाडता येतो हे खरे. पण दुकानांचे गुण, कंपन्यांची कुपने, मुदत संपताच शून्य होणारी 'बक्षिसे' यांच्या रूपाने खाजगी पैसा परत आलाच आहे. कडेवर काय लिहिले आहे, हे वाचण्याची सवय मात्र राहिलेली नाही.

म्हणूनच बिल्ले जमवणाऱ्याचा छंद पोरखेळ म्हणून उडवून लावण्याजोगा नाही. गिरण्यांतील हजेरीचे बिल्ले, चहामळ्यांतील मजुरीचे बिल्ले, उपाहारगृहांची पितळी टोकने मोडीत जात आहेत. एखाद्या महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागाने एक कपाट त्यांच्यासाठी राखून ठेवले, विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून एकेक बिल्ला आणि त्याची हकीकत मिळवली, तर चलनाचा धडा पुस्तकाबाहेर येईल. बिल्ला हातात घेऊन विचारायचे प्रश्न तीनच: हा कोणी दिला, कोणाला दिला, आणि घेणाऱ्याला नाही म्हणता येत होते काय? पैशाचे सारे अर्थशास्त्र अखेर या तिसऱ्या प्रश्नाशी येऊन थांबते.